ग्रीवा धमनी विकार

ग्रीवा धमनी विकार, अर्थात कॅरोटिड धमनी विकार, हा मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्यांचा रोग आहे. या धमन्यांच्या आतील अस्तरात मेद, तंतुमय ऊती आणि कॅल्शियम साचून थर तयार होतो व धमनीची पोकळी हळूहळू अरुंद होते. हा थर फाटल्यास त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळे होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे १० ते २० टक्के पक्षाघातांच्या मुळाशी हा विकार असतो.

बहुतेक रुग्णांमध्ये हा विकार वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो. काहींच्या बाबतीत पहिले लक्षण म्हणजे मोठा पक्षाघातच असतो. काहींना त्याआधी थोडा वेळ टिकून आपोआप नाहीसा होणारा झटका येतो. असा झटका पूर्ण बरा झाल्यासारखा वाटला तरी त्यानंतरचे काही दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात. त्यामुळे विकाराचे गांभीर्य ठरवताना धमनी किती टक्के अरुंद झाली आहे याबरोबरच अलीकडे लक्षणे दिसली होती का, साचलेला थर कितपत अस्थिर आहे आणि मेंदूला पर्यायी मार्गाने रक्त मिळते का, या बाबीही विचारात घेतल्या जातात.

## रचना आणि कार्य

'ग्रीवा' म्हणजे मान. 'कॅरोटिड' हा शब्द गुंगी किंवा बधिरावस्था या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. या धमन्या दाबल्यास माणूस बेशुद्ध होतो, ही गोष्ट प्राचीन ग्रीकांना ठाऊक होती.

शरीरात उजवी आणि डावी अशा दोन सामाईक ग्रीवा धमन्या असतात. डावी धमनी महाधमनीच्या कमानीतून थेट निघते, तर उजवी धमनी त्याच कमानीच्या पहिल्या मोठ्या शाखेपासून निघते. मानेच्या कडेला बोटे ठेवल्यावर जी नाडी लागते ती याच धमनीची असते. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर प्रत्येक सामाईक धमनी दोन शाखांत विभागते. बाह्य ग्रीवा धमनी चेहरा, जीभ, डोक्याची त्वचा इत्यादी भागांना रक्त पुरवते. आंतर ग्रीवा धमनी कवटीत शिरून मेंदूच्या पुढच्या व मधल्या भागाला रक्त पुरवते; डोळ्याला रक्त नेणारी धमनी ही तिचीच शाखा असते.

आंतर ग्रीवा धमनी जेथे सुरू होते तेथे तिचा भाग किंचित फुगीर असतो. तेथील मज्जातंतूंची टोके रक्तदाबातील बदल टिपून मेंदूला कळवतात. फाट्यापाशीच असलेला एक लहान पिंड रक्तातील ऑक्सिजनच्या प्रमाणाची नोंद घेतो.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच असते; परंतु विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. मेंदूच्या पेशींत ऊर्जेचा साठा जवळजवळ नसल्यामुळे रक्तप्रवाह काही मिनिटे जरी थांबला तरी त्यांना इजा होऊ लागते. दोन ग्रीवा धमन्यांखेरीज मानेच्या मणक्यांमधून जाणाऱ्या दोन कशेरुक धमन्याही मेंदूला रक्त पुरवतात. या चारही धमन्यांच्या शाखा मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या असून त्या जोडणीला 'विलिस वलय' म्हणतात. एका बाजूची धमनी बंद पडल्यास दुसऱ्या बाजूचे रक्त या वलयातून वळवले जाऊ शकते. मात्र अनेक व्यक्तींमध्ये हे वलय जन्मतःच अपूर्ण असते किंवा त्याचे काही भाग फार बारीक असतात. त्यामुळे सारख्याच प्रमाणात अरुंद झालेल्या धमनीचा परिणाम दोन व्यक्तींमध्ये अगदी वेगळा असू शकतो.

## विकृती

### थर साचण्याची प्रक्रिया

हा विकार बहुतांशी धमनीकाठिण्यामुळे होतो. हृदयाच्या धमन्यांमध्ये घडणारी आणि हृदयविकाराच्या झटक्यास कारणीभूत होणारी प्रक्रियाच येथे मानेतील धमनीत घडते. उच्च रक्तदाब, तंबाखूतील घटक, रक्तातील वाढलेली साखर इत्यादींमुळे धमनीच्या आतील पातळ अस्तराला इजा होते. इजा झालेल्या जागेतून एलडीएल कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते. ते शोषून घेण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी मेदाने भरून तेथेच साचतात. कालांतराने मेद आणि मृत पेशींचा गाभा तयार होतो व त्यावर तंतुमय ऊतींचे आवरण चढते. या संपूर्ण रचनेला 'प्लाक' म्हणतात.

प्लाक धमनीभर सारख्या प्रमाणात होत नाही. तो मुख्यतः दुभाजनाच्या जागी आणि आंतर ग्रीवा धमनीच्या सुरुवातीच्या फुगीर भागात होतो. तेथे रक्ताचा प्रवाह दोन दिशांना फुटतो आणि बाहेरच्या भिंतीलगत मंदावून भोवऱ्यासारखा फिरतो. नदीच्या वळणावर संथ पाण्याच्या कडेला गाळ साचतो, तसा या संथ प्रवाहाच्या बाजूला थर साचत जातो.

### पक्षाघात कसा होतो

धमनी अरुंद झाल्यामुळे मेंदूला रक्त कमी पडते आणि म्हणून पक्षाघात होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तसे कमी वेळा घडते. बहुतेक पक्षाघात पुढील क्रमाने होतात: प्लाकवरील आवरण फाटते किंवा त्यावर व्रण पडतो, उघड्या पडलेल्या मेदयुक्त गाभ्यावर रक्तबिंबिका चिकटून गुठळी तयार होते, गुठळीचा किंवा प्लाकचा तुकडा सुटून रक्ताबरोबर वर जातो आणि मेंदूतील बारीक धमनीत अडकतो. अशा वाहत जाऊन अडकणाऱ्या तुकड्याला अंतर्कील म्हणतात. क्वचित गुठळी जागेवरच वाढून संपूर्ण ग्रीवा धमनी बंद पडते. पोकळी अत्यंत अरुंद असून पर्यायी मार्गही अपुरे असतील, तर रक्तदाब एकाएकी खाली आल्यावर केवळ अपुऱ्या प्रवाहामुळेही मेंदूच्या काही भागाला इजा होऊ शकते.

यावरून मध्यम प्रमाणात अरुंद झालेली परंतु अस्थिर प्लाक असलेली धमनी कधी कधी अधिक अरुंद पण स्थिर धमनीपेक्षा धोकादायक का ठरते, हे स्पष्ट होते.

## कारणे आणि जोखमीचे घटक

वाढते वय, उच्च रक्तदाब, तंबाखूचे सेवन, मधुमेह, रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉलचे वाढलेले प्रमाण, स्थूलता, व्यायामाचा अभाव, मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि कुटुंबातील पक्षाघात किंवा हृदयविकाराचा इतिहास हे जोखमीचे प्रमुख घटक आहेत. हृदयाच्या किंवा पायांच्या धमन्यांचा विकार असलेल्या व्यक्तींमध्ये ग्रीवा धमनी विकारही अधिक प्रमाणात आढळतो, कारण धमनीकाठिण्य हा सर्व शरीरभर पसरणारा रोग आहे. लक्षणे नसलेल्या ग्रीवा धमनी विकाराच्या रुग्णाला पक्षाघाताइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हृदयविकाराच्या झटक्याचा धोका असतो.

धमनीकाठिण्याखेरीज पुढील कारणांमुळेही ग्रीवा धमनी अरुंद होऊ शकते:

* धमनीच्या भिंतीचे विदारण: भिंतीचे आतील अस्तर फाटून थरांमध्ये रक्त शिरते. तरुण व मध्यमवयीन व्यक्तींच्या पक्षाघाताचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. अपघात, मानेला बसलेला हिसका किंवा मान जोराने पिळणे यानंतर ते घडू शकते. त्यामुळे केशकर्तनालयात मालिशच्या वेळी मान 'मोडून' घेणे निर्धोक मानले जात नाही.
* मानेवरील किरणोपचार: तोंड, घसा किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी घेतलेल्या किरणोपचारानंतर काही वर्षांनी ग्रीवा धमनी अरुंद होऊ शकते.
* ताकायासू धमनीदाह: महाधमनी आणि तिच्या शाखांच्या भिंतींचा हा दाह आशियाई देशांत, विशेषतः तरुण स्त्रियांमध्ये, तुलनेने अधिक आढळतो.
* तंतुस्नायू दुर्विकसन: धमनीच्या भिंतीतील ऊतींची ही अपसामान्य वाढ मुख्यतः स्त्रियांमध्ये आढळते.

## लक्षणे

मेंदूचा डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या बाजूवर आणि उजवा गोलार्ध डाव्या बाजूवर नियंत्रण ठेवतो. म्हणून डाव्या ग्रीवा धमनीच्या विकारात हातापायांतील लक्षणे उजवीकडे दिसतात. डोळ्याची लक्षणे मात्र विकार असलेल्या बाजूलाच होतात. बहुतेक व्यक्तींमध्ये भाषेची केंद्रे डाव्या गोलार्धात असल्यामुळे डाव्या धमनीच्या विकारात वाचेवर परिणाम होण्याची शक्यता अधिक असते. प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत:

* चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे
* एका बाजूचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडणे, बधिर होणे किंवा हातातील वस्तू गळून पडणे
* बोबडे बोलणे, शब्द न सुचणे किंवा समोरच्याचे बोलणे न समजणे
* एका डोळ्याची दृष्टी अचानक जाणे. डोळ्यासमोर वरून पडदा उतरल्यासारखे वाटणे

केवळ चक्कर येणे, डोके जड वाटणे किंवा विस्मरण ही सहसा या विकाराची लक्षणे नसतात.

### अल्पकालिक झटका

वरील लक्षणे काही मिनिटे, क्वचित काही तास टिकून पूर्णपणे नाहीशी झाली आणि मेंदूला कायमची इजा झाली नाही, तर त्या घटनेला अल्पकालिक रक्तन्यूनता झटका म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात 'टीआयए' हे इंग्रजी लघुरूप रूढ आहे. अंतर्कील धमनीत अडकून काही वेळाने विरघळल्यास किंवा पुढे सरकल्यास असे घडते. एका डोळ्यापुरता असा झटका आल्यास काही मिनिटांची अंधता येते.

झटका ओसरल्यावर रुग्णाला अगदी पूर्ववत वाटते. थकवा, अशक्तपणा, हातावर झोपल्यामुळे आलेली मुंगी किंवा पित्त अशी कारणे लावून अनेकदा घटनेकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात तो अंतर्कील ज्या प्लाकवरून सुटला, ती जागा अद्याप उघडीच असते आणि तेथून पुन्हा तुकडा सुटण्याचा धोका कायम असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियामध्ये झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टीआयएनंतर ९० दिवसांत सुमारे १० टक्के रुग्णांना पक्षाघात झाल्याचे आढळले. त्यांपैकी निम्मे पक्षाघात पहिल्या दोन दिवसांतच झाले होते. ग्रीवा धमनी अरुंद असलेल्या रुग्णांमध्ये हा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

याउलट, वेळीच केलेल्या उपचारांचा लाभही मोठा असतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्स्प्रेस' या अभ्यासात टीआयए किंवा सौम्य पक्षाघातानंतर तातडीने तपासणी व उपचार सुरू केल्यावर पुढील ९० दिवसांतील पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. म्हणून ओसरलेला झटकाही तातडीची वैद्यकीय घटना मानला जातो.

## निदान

स्टेथोस्कोप मानेवर ठेवल्यास अरुंद धमनीतून जाणाऱ्या रक्ताचा फुत्कारासारखा आवाज कधी कधी ऐकू येतो. मात्र हा आवाज नसला म्हणजे विकार नाही, असे म्हणता येत नाही. धमनी जवळजवळ बंद झाल्यावर तो नाहीसाही होतो.

डॉप्लर सोनोग्राफी ही सामान्यतः पहिली तपासणी असते. तिच्यात वेदना किंवा किरणोत्सर्ग नसतो. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबल्यावर धार जशी वेगवान होते, तसा अरुंद जागी रक्ताचा वेग वाढतो. हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा सर्वाधिक वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास धमनी किमान ५० टक्के, तर २३० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास किमान ७० टक्के अरुंद असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते.

शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी सीटी अँजिओग्राफी किंवा एमआर अँजिओग्राफी करून महाधमनीपासून मेंदूपर्यंतच्या सर्व धमन्यांचे चित्र मिळवले जाते. मेंदूच्या एमआरआयमध्ये रुग्णाला न जाणवलेले जुने लहान पक्षाघातही दिसू शकतात. धमनीत नळी घालून केली जाणारी अँजिओग्राफी अचूक असली तरी तिच्यामुळेच पक्षाघात होण्याचा अल्प धोका असल्यामुळे ती आता निवडक रुग्णांतच केली जाते.

## गांभीर्याचे मूल्यमापन

### अरुंदपणाचे प्रमाण

अहवालात दिलेले टक्के सहसा धमनीच्या व्यासातील घट दर्शवतात. व्यासात झालेल्या घटीपेक्षा पोकळीच्या क्षेत्रफळात होणारी घट अधिक असते. पोकळी वर्तुळाकार धरल्यास हा संबंध पुढीलप्रमाणे असतो:

| व्यासातील घट | क्षेत्रफळातील घट |
|---|---|
| ३० टक्के | ५१ टक्के |
| ५० टक्के | ७५ टक्के |
| ७० टक्के | ९१ टक्के |
| ९० टक्के | ९९ टक्के |

व्यासातील घट मोजण्याच्याही दोन पद्धती आहेत. उत्तर अमेरिकी पद्धतीत सर्वांत अरुंद जागेची तुलना त्याच धमनीच्या वरील निरोगी भागाशी केली जाते. युरोपीय पद्धतीत ती त्याच जागेच्या मूळ व्यासाच्या अंदाजाशी केली जाते. त्यामुळे अमेरिकी पद्धतीने ५० टक्के ठरणारी घट युरोपीय पद्धतीने सुमारे ७० टक्के भरते. दोन अहवालांची तुलना करताना पद्धत एकच आहे का हे पाहणे आवश्यक असते. आज उत्तर अमेरिकी पद्धत अधिक प्रचलित आहे. तिच्यानुसार ५० टक्क्यांपेक्षा कमी घट सौम्य, ५० ते ६९ टक्के मध्यम आणि ७० ते ९९ टक्के तीव्र समजली जाते.

### लक्षणे आणि प्लाकचे स्वरूप

गेल्या सहा महिन्यांत त्या धमनीशी संबंधित टीआयए, डोळ्याची अल्पकालिक अंधता किंवा पक्षाघात झाला असल्यास विकार 'लक्षणयुक्त' मानला जातो. उत्तर अमेरिकी चाचणीत तीव्र व लक्षणयुक्त विकार असलेल्या, केवळ औषधे दिलेल्या रुग्णांपैकी २६ टक्के रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. लक्षणे नसलेल्या तीव्र विकारात मात्र आधुनिक औषधोपचार घेणाऱ्या रुग्णांमध्ये हा धोका वर्षाला सुमारे १ टक्का किंवा त्याहूनही कमी असल्याचे मानले जाते. याचा अर्थ सोनोग्राफीच्या अहवालात एकच आकडा असलेल्या दोन रुग्णांचा धोका अनेक पटींनी वेगळा असू शकतो.

प्लाकमध्ये झालेला रक्तस्राव, मोठा मेदयुक्त गाभा, पातळ आवरण, पृष्ठभागावरील व्रण आणि अरुंदपणात झपाट्याने झालेली वाढ ही अस्थिरतेची चिन्हे आहेत. दुसऱ्या बाजूची ग्रीवा धमनी बंद असणे आणि एमआरआयमध्ये जुने मूक पक्षाघात दिसणे यांमुळेही धोका वाढतो.

## उपचार

### औषधोपचार आणि जीवनशैली

शस्त्रक्रिया होवो वा न होवो, औषधोपचार सर्वच रुग्णांना आवश्यक असतो. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही औषधे रक्तबिंबिका एकमेकींना चिकटू देत नाहीत. टीआयए किंवा सौम्य पक्षाघातानंतर ही दोन्ही औषधे सामान्यतः सुमारे तीन आठवडे एकत्र आणि नंतर त्यांपैकी एकच दिले जाते. मेंदूत रक्तस्राव झालेला असल्यास याच औषधांनी हानी होऊ शकते. म्हणून सीटी स्कॅनपूर्वी ती स्वतःहून घेणे योग्य नसते.

स्टॅटिन गटातील औषधे एलडीएल कोलेस्टेरॉल कमी करतात आणि प्लाक स्थिर होण्यास मदत करतात. पक्षाघात होऊन गेलेल्या धमनीकाठिण्याच्या रुग्णांत एलडीएलचे प्रमाण १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी राखण्याचे उद्दिष्ट असते. रक्तदाब आणि मधुमेहाचे नियंत्रण, तंबाखू पूर्णपणे सोडणे, आहारातील मीठ कमी करणे व नियमित चालणे यांचाही उपचारात समावेश होतो. बरे वाटू लागल्यावर औषधे परस्पर बंद केल्यास धोका पुन्हा वाढतो.

### शस्त्रक्रिया

कॅरोटिड एंडआर्टरेक्टॉमी या शस्त्रक्रियेत मानेवर छेद घेऊन धमनी उघडली जाते, प्लाक सोलून काढला जातो आणि धमनी पुन्हा शिवली जाते. शिवताना बहुधा ठिगळ लावून ती रुंद केली जाते. शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन किंवा केवळ मान बधिर करूनही करता येते.

तीव्र व लक्षणयुक्त विकारात या शस्त्रक्रियेचा लाभ सर्वाधिक असतो. मध्यम विकारात तो कमी असतो, तर ५० टक्क्यांपेक्षा कमी घट असल्यास लाभ होत नाही. धमनी संपूर्णपणे बंद झाली असल्यास ही शस्त्रक्रिया सामान्यतः केली जात नाही. लाभ वेळेवरही अवलंबून असतो. मोठ्या चाचण्यांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, ५० टक्के किंवा त्याहून अधिक घट असलेल्या रुग्णांवर लक्षणांनंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केल्यास दर ५ रुग्णांमागे एक पक्षाघात टळतो. १२ आठवड्यांनंतर केल्यास एक पक्षाघात टाळण्यासाठी १२५ रुग्णांवर शस्त्रक्रिया करावी लागते.

शस्त्रक्रियेमुळेच पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू ओढवण्याचा धोका असतो. जीभ व स्वरयंत्राच्या मज्जातंतूंना इजा होऊन बोलण्यात किंवा गिळण्यात बहुधा तात्पुरता दोष येऊ शकतो. पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण लक्षणयुक्त रुग्णांत ६ टक्क्यांपेक्षा आणि लक्षणहीन रुग्णांत ३ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या केंद्रातच शस्त्रक्रिया करावी, असा सर्वमान्य निकष आहे.

### स्टेंट

मांडीतील किंवा मनगटातील धमनीतून नळी घालून ग्रीवा धमनीतील अरुंद जागा फुग्याने रुंद केली जाते आणि तेथे धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवला जातो. सुटणारे तुकडे मेंदूत जाऊ नयेत म्हणून गाळणीसारखे साधन वापरतात. अमेरिका व कॅनडातील २,५०२ रुग्णांवरील 'क्रेस्ट' चाचणीत (२०१०) दोन्ही पद्धतींचा एकूण परिणाम जवळपास सारखा आढळला. स्टेंटनंतरच्या सुरुवातीच्या काळात पक्षाघात अधिक, तर शस्त्रक्रियेनंतर हृदयविकाराचे झटके अधिक होते. वयोवृद्ध रुग्णांत सामान्यतः शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरते. मानेवर पूर्वी किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत स्टेंटचा विचार केला जातो.

### पक्षाघात झाल्यास

पक्षाघात सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत पात्र रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देता येते. मोठी धमनी बंद झाली असल्यास नळीद्वारे गुठळी काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते; तरीही उशिराच्या प्रमाणात लाभ घटतो. मेंदूतील मोठी धमनी बंद झालेल्या रुग्णात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. त्यामुळे लक्षणे सुरू झाल्याची नेमकी वेळ लक्षात ठेवणे आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठणे महत्त्वाचे असते.

## इतिहास

इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीवलयाचे कार्य स्पष्ट केले. पोर्तुगीज चेताविज्ञ एगाश मोनिश यांनी १९२७ साली मेंदूच्या धमन्यांचे क्ष-किरण चित्रण सुरू केल्यावर जिवंत रुग्णाच्या ग्रीवा धमनीतील अडथळा पाहणे शक्य झाले. तरीही अनेक पक्षाघातांचे मूळ मेंदूतीलच धमनीत शोधले जात असे. कॅनेडियन चेताविज्ञ मिलर फिशर यांनी १९५१ साली आपल्या शोधनिबंधात पक्षाघाताचा मानेतील धमनीशी असलेला संबंध दाखवून दिला. मोठ्या पक्षाघातापूर्वी येणाऱ्या अल्पकालिक झटक्यांकडे त्यांनी लक्ष वेधले आणि या धमनीवर भविष्यात शस्त्रक्रिया होऊ शकेल, असेही सूचित केले.

अमेरिकी शल्यविशारद मायकेल डिबेकी यांनी १९५३ साली ग्रीवा धमनीतील प्लाक काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. मात्र तिचा वृत्तांत बराच नंतर प्रसिद्ध झाला. लंडनमधील सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी १९५४ साली वारंवार झटके येणाऱ्या रुग्णाच्या धमनीचा रोगग्रस्त भाग काढून उरलेली टोके जोडली. त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या अहवालामुळे ही शस्त्रक्रिया जगभर पोहोचली.

पुढील काही दशके ही शस्त्रक्रिया पुरेशा पुराव्याशिवायच मोठ्या प्रमाणावर केली गेली. १९९१ साली उत्तर अमेरिकी व युरोपीय चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्तर अमेरिकी चाचणीत शस्त्रक्रियेमुळे तीव्र व लक्षणयुक्त विकारातील दोन वर्षांचा पक्षाघाताचा धोका २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. लक्षणे नसलेल्या रुग्णांवरील १९९५ सालच्या अमेरिकी चाचणीत पाच वर्षांचा धोका ११ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या काळात औषधोपचार पुष्कळ सुधारल्यामुळे लक्षणहीन रुग्णांपैकी नेमक्या कोणाला शस्त्रक्रियेची किंवा स्टेंटची गरज आहे, हा प्रश्न नव्याने अभ्यासला जात आहे.

## चाळणी तपासणी

सोनोग्राफी सोपी व निर्धोक असल्यामुळे सर्व प्रौढांची तपासणी करावी, असा विचार पुढे येतो. अनेक खासगी आरोग्य तपासणी योजनांतही तिचा समावेश असतो. परंतु लक्षणे नसलेल्या सर्वसाधारण लोकांमध्ये तीव्र विकाराचे प्रमाण कमी असल्यामुळे चुकीचे सकारात्मक निष्कर्ष निघण्याची शक्यता वाढते आणि त्यांतून अनावश्यक तपासण्या व शस्त्रक्रिया होऊ शकतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१४ साली अशा सरसकट तपासणीविरुद्ध शिफारस केली आणि २०२१ साली ती कायम ठेवली. जोखमीचे अनेक घटक एकत्र असलेल्या व्यक्तींमध्ये तपासणीचा निर्णय स्वतंत्रपणे घेतला जातो. टीआयए किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णाला हा अपवाद लागू नाही; त्याची तपासणी तातडीने करावी लागते.

## भारतातील संदर्भ

मराठीत पक्षाघातासाठी अर्धांगवायू व लकवा हे शब्द रूढ असून ग्रामीण बोलीत 'अंगावरून वारे जाणे' असा वाक्प्रचार आहे. या वाक्प्रचारातून आजाराचे आकस्मिक स्वरूप नेमके व्यक्त होते. मात्र त्याचे मूळ मानेतील धमनीत अनेक वर्षे वाढत असू शकते, ही बाब त्यातून सूचित होत नाही.

भारतीय व इतर आशियाई लोकांमध्ये कवटीच्या आतील धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांतील गोऱ्या लोकांपेक्षा अधिक आढळते. त्यामुळे मानेची सोनोग्राफी निर्दोष आली तरी पक्षाघाताच्या रुग्णात मेंदूतील धमन्यांची तपासणी आवश्यक ठरते. महाराष्ट्रात विडी-सिगारेटबरोबरच मशेरी, जर्दा आणि गुटखा या धूररहित रूपांत तंबाखूचे सेवन होते. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झाल्यावर मानेवर किरणोपचार घेतलेल्या रुग्णांच्या ग्रीवा धमन्यांना तंबाखू आणि किरणोपचार अशी दुहेरी इजा पोहोचू शकते.

केंद्र सरकारने २०१० साली कर्करोग, मधुमेह, हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार आणि पक्षाघात यांच्या प्रतिबंध व नियंत्रणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक आहे. पक्षाघाताविषयी जागृतीसाठी दरवर्षी २९ ऑक्टोबर हा दिवस जागतिक पक्षाघात दिन म्हणून पाळला जातो.

## हे सुद्धा पहा

* पक्षाघात
* धमनीकाठिण्य
* उच्च रक्तदाब
* मधुमेह
* मेंदू